पॅलेस्टिनी परतीच्या हक्काची अहिंसक चळवळ

पॅलेस्टिनी परतीच्या हक्काची अहिंसक चळवळ म्हणजे १९४८ आणि १९६७ च्या युद्धांत विस्थापित झालेल्या पॅलेस्टिनी लोकांना व त्यांच्या वंशजांना मूळ गावी परतता यावे, यासाठी शांततामय मार्गांनी चालत आलेल्या प्रयत्नांचा समुच्चय होय. हे प्रयत्न पॅलेस्टाइन व इस्रायलमध्ये तसेच जगातील इतर अनेक देशांत झाले आहेत. या चळवळीला एक संस्थापक, एक संघटना किंवा एक मुख्यालय नाही. निर्वासित छावण्यांतील समित्या, इस्रायलचे नागरिक असलेले पॅलेस्टिनी, काही इस्रायली ज्यू कार्यकर्ते, युरोप-अमेरिकेतील स्थलांतरित आणि त्यांचे सहानुभूतिदार अशा अनेकांनी ती आपापल्या परीने चालवली आहे. न्यायालयीन दावे, पदयात्रा, नष्ट झालेल्या गावांची नोंद, नकाशे, जहाजातून परतण्याचा प्रयत्न, बहिष्कार आणि कुंपणाजवळचे धरणे ही तिची प्रमुख साधने आहेत. शस्त्र हाती घेतलेल्या पॅलेस्टिनी संघटनांचा इतिहास सर्वपरिचित आहे. त्या मानाने हा प्रवाह कमी ज्ञात आहे.

संज्ञा

अरबी भाषेत या हक्काला ‘हक्क अल-अवदा’ म्हणतात. ‘अवदा’ म्हणजे परत येणे. ‘हक्क’ हा शब्द मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेला तो हाच शब्द आहे आणि अर्थही जवळपास तोच आहे. १९४८ च्या विस्थापनाला पॅलेस्टिनी लोक ‘नकबा’ (महासंकट) म्हणतात. सिरियन विचारवंत कॉन्स्टंटिन झुरैक यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या पुस्तकामुळे हा शब्द रूढ झाला. दरवर्षी १५ मे हा दिवस नकबा दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात तो प्रथम २०२३ मध्ये पाळण्यात आला.

पार्श्वभूमी

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव (क्रमांक १८१) ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. त्यानंतर भडकलेल्या यादवीत आणि १४ मे १९४८ रोजी इस्रायलची स्थापना झाल्यावर सुरू झालेल्या अरब-इस्रायल युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घराबाहेर पडले. कोणी हाकलले गेले, कोणी हल्ल्याच्या वा कत्तलीच्या बातमीने पळाले, कोणी चार दिवसांत परत येऊ या समजुतीने निघाले. यांतील प्रत्येक कारणाचा वाटा किती, यावर इतिहासकारांत दीर्घ वाद आहे. परतीच्या हक्काच्या दृष्टीने मात्र तो वाद दुय्यम ठरतो, कारण युद्धात घर सोडावे लागलेल्या माणसाने ते कोणत्या कारणाने सोडले यावर त्याचा परतण्याचा हक्क अवलंबून नाही, अशी चळवळीची भूमिका आहे.

वालिद खालिदी यांनी संपादित केलेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा ४१८ ओस पडलेल्या गावांची एकेक करून नोंद आहे. इतर अभ्यासकांची गणना याहून मोठी आहे. १९५० मध्ये इस्रायलने गैरहजर मालकांच्या मालमत्तेविषयीचा कायदा केला आणि त्या आधारे निर्वासितांच्या जमिनी व घरे सरकारी अभिरक्षकाकडे गेली. त्याच वर्षी जगातील कोणत्याही ज्यू व्यक्तीला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा अधिकार देणारा ‘परतीचा कायदा’ही संमत झाला. एकाच वर्षातील हे दोन कायदे पॅलेस्टिनी वक्त्यांच्या भाषणांत बहुधा एकत्रच उल्लेखले जातात.

कायदेशीर आधार

संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले स्वीडिश मध्यस्थ काउंट फोल्क बर्नाडोट यांनी सप्टेंबर १९४८ च्या अहवालात निर्वासितांच्या परतीचा आग्रह धरला. १७ सप्टेंबर रोजी जेरुसलेममध्ये लेही या ज्यू सशस्त्र गटाने त्यांची हत्या केली. त्यांच्या शिफारशींवर आधारित ठराव क्रमांक १९४ आमसभेने ११ डिसेंबर १९४८ रोजी मंजूर केला. या ठरावाचा अकरावा परिच्छेद हा चळवळीचा पाया आहे. शेजाऱ्यांशी शांततेने राहण्याची इच्छा असलेल्या निर्वासितांना शक्य तितक्या लवकर घरी परतू द्यावे आणि ज्यांना परतायचे नसेल त्यांना मालमत्तेची भरपाई द्यावी, असा त्याचा आशय आहे. परत जायचे की भरपाई घ्यायची ही निवड त्यात निर्वासिताकडे सोपवलेली आहे.

ठरावाच्या बाजूने ३५ व विरोधात १५ मते पडली, तर ८ देश तटस्थ राहिले. मतदानाचा तपशील आज वाचताना विचित्र वाटतो. इजिप्त, सिरिया, लेबनॉन, इराक, सौदी अरेबिया व येमेन या अरब देशांनी तेव्हा विरोधात मत दिले, कारण ठराव स्वीकारणे म्हणजे अप्रत्यक्षपणे इस्रायलचे अस्तित्व मान्य करणे होते. भारत तटस्थ राहिला. पुढे हेच अरब देश या ठरावाचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते झाले.

ठरावाच्या आदल्याच दिवशी, १० डिसेंबर १९४८ रोजी, मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला गेला होता. त्याच्या तेराव्या कलमात स्वतःच्या देशात परतण्याचा प्रत्येकाचा अधिकार नमूद आहे. १९७४ च्या ठराव क्रमांक ३२३६ मध्ये आमसभेने पॅलेस्टिनींचा परतीचा हक्क अविभाज्य असल्याचे म्हटले. १९६७ च्या युद्धातील विस्थापितांसाठी सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक २३७ आहे. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागार मतात, १९६७ नंतरच्या ताबाकाळात विस्थापित झालेल्यांना मूळ ठिकाणी परतू देणे हे इस्रायलचे कर्तव्य असल्याचे नमूद केले.

निर्वासितांना मदत करणारी ‘उन्रवा’ ही संस्था डिसेंबर १९४९ मध्ये स्थापन झाली व १ मे १९५० पासून काम करू लागली. जॉर्डन, लेबनॉन, सिरिया, वेस्ट बँक आणि गाझा या पाच क्षेत्रांत तिच्या अधिकृत ५८ छावण्या आहेत. सुरुवातीला सुमारे साडेसात लाख निर्वासित तिच्या मदतीच्या कक्षेत होते. आता नोंदणीकृत संख्या ५९ लाखांच्या आसपास आहे, कारण निर्वासिताचा दर्जा पित्याकडून अपत्यांकडे जातो. उन्रवा शाळा व दवाखाने चालवते. परतीची व्यवस्था करणे तिच्या कार्यकक्षेत नाही. तरीही तिचे नोंदणीपत्र हाच कोण कोणत्या गावचा याचा सर्वांत व्यापक लेखी पुरावा ठरल्यामुळे, तिच्या अस्तित्वाचा वाद हा परतीच्या हक्काचाच वाद बनला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्रायलच्या संसदेने तिच्या कामावर बंदी घालणारे कायदे संमत केले.

इक्रिथ आणि बिरइम

चळवळीतील सर्वांत जुना आणि चिवट लढा परदेशातील छावणीतला नसून इस्रायलच्या नागरिकांचाच आहे. लेबनॉनच्या सीमेलगत, उत्तर गालिलीत इक्रिथ व बिरइम ही दोन ख्रिस्ती अरब गावे होती. इक्रिथचे रहिवासी ग्रीक कॅथलिक, तर बिरइमचे मॅरोनाइट पंथाचे होते. १९४८ च्या शरद ऋतूत इस्रायली सैन्य आले तेव्हा तेथे प्रतिकार झाला नाही. नोव्हेंबरमध्ये सुरक्षेच्या कारणास्तव गावकऱ्यांना थोड्या दिवसांसाठी दक्षिणेकडे जाण्यास सांगण्यात आले आणि दोन आठवड्यांनी परतता येईल असे आश्वासन दिले गेले. इक्रिथचे लोक रामा गावात गेले, बिरइमचे बहुसंख्य जवळच्या जिश गावात.

आश्वासन पाळले जात नाही असे पाहून इक्रिथचे गावकरी सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ जुलै १९५१ रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लष्कराने नवे आदेश काढून तो निष्फळ केला आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी चर्च वगळता गावातील घरे सुरुंगाने उडवून दिली. बिरइमवर सप्टेंबर १९५३ मध्ये विमानांतून बाँब टाकण्यात आले. तेथेही चर्च उरले.

यानंतर या दोन गावांच्या लोकांनी जे केले ते चळवळीच्या इतर शाखांना नमुना ठरले. ते रिकाम्या गावाकडे जात राहिले. उरलेल्या चर्चमध्ये प्रार्थना, विवाह व बाप्तिस्मे होऊ लागले. १९७२ मध्ये गोल्डा मेयर यांच्या सरकारने परतीची मागणी फेटाळली, तेव्हा आर्चबिशप जोसेफ राया यांच्या नेतृत्वाखाली जेरुसलेममध्ये मोठी निदर्शने झाली आणि त्यांत अनेक इस्रायली ज्यूही सामील झाले. त्या दशकापासून गावकऱ्यांना आपले मृत गावच्या दफनभूमीत पुरण्याची मुभा मिळाली. म्हणजे जिवंतपणी जिथे राहता येत नाही, तिथे मेल्यावर जाता येते. ही विसंगती गावकरी स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात. १९८० च्या दशकापासून बिरइममध्ये मुलांसाठी उन्हाळी शिबिरे भरू लागली. त्यांत आजोबांच्या घराचे दगड कुठले, विहीर कुठे होती, कोणत्या वाटेने शेतात जात, हे नातवंडांना प्रत्यक्ष दाखवले जाई.

१९९५ मध्ये न्यायमंत्री डेव्हिड लिबाई यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिसमितीने मर्यादित प्रमाणात परतीस अनुमती देण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इक्रिथची याचिका फेटाळली. या गावांना परवानगी दिल्यास इतर सर्व निर्वासितांच्या दाव्यांवर त्याचा परिणाम होईल, हा सरकारचा युक्तिवाद त्या वेळी मध्यवर्ती होता. दोन लहान गावांच्या, त्याही देशाच्या नागरिकांच्या, प्रश्नाला सरकार इतके का घाबरते याचे उत्तर याच युक्तिवादात आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इक्रिथच्या तिसऱ्या पिढीतील काही तरुणांनी चर्चशेजारी पाळीपाळीने कायम मुक्काम सुरू केला. त्यांनी लावलेली झाडे व उभारलेली तात्पुरती बांधकामे प्रशासनाने वारंवार काढून टाकली आहेत.

बिरइमचेच एलियास शाकूर पुढे ग्रीक कॅथलिक आर्चबिशप झाले. इबिलीन येथे सर्व धर्मांच्या मुलांसाठी त्यांनी उभारलेली शाळा आणि त्यांचे आत्मचरित्र यांमुळे बिरइमचे नाव युरोप-अमेरिकेत पोचले.

परतीचे जहाज (१९८८)

डिसेंबर १९८७ मध्ये वेस्ट बँक व गाझामध्ये पहिला इंतिफादा (उठाव) सुरू झाला. याच सुमारास पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेने सशस्त्र कारवायांपेक्षा अगदी वेगळी अशी एक योजना आखली. इस्रायलने हद्दपार केलेल्या शंभराहून अधिक पॅलेस्टिनींना घेऊन एक प्रवासी जहाज ग्रीसमधून हैफा बंदराकडे निघणार होते. त्यांच्यासोबत अनेक देशांतील राजकीय नेते, धर्मगुरू, पत्रकार आणि काही ज्यू समर्थकही असणार होते. जहाजावर शस्त्र नसेल, हे आधीच जाहीर करण्यात आले होते.

ही कल्पना १९४७ च्या ‘एक्झोडस’ जहाजावरून सुचली होती आणि आयोजकांनी ते लपवले नाही. छळछावण्यांतून वाचलेल्या सुमारे साडेचार हजार ज्यूंना घेऊन ‘एक्झोडस’ फ्रान्सहून पॅलेस्टाइनला निघाले होते. ब्रिटिशांनी ते अडवून प्रवाशांना अखेर जर्मनीला परत पाठवले आणि त्या दृश्याने जगाचे मन ज्यूंच्या बाजूने वळवले. इस्रायलच्या राष्ट्रीय स्मृतीतील एवढी मोलाची गोष्ट त्याच्याच दारात उलट दिशेने उभी करण्यात मोठी राजकीय चतुराई होती. इस्रायल सरकारनेही ती ओळखली. हे शत्रुत्वाचे कृत्य असल्याचे सांगून जहाज किनाऱ्याला लागू दिले जाणार नाही, असे त्याने जाहीर केले.

जहाज भाड्याने देण्यास कंपन्या तयार होईनात, तेव्हा संघटनेने ‘सोल फ्रिनी’ नावाचे जुने जहाज विकत घेतले. ते सायप्रसमधील लिमासोल बंदरात उभे असताना १४ फेब्रुवारी १९८८ रोजी शहरात मोटारीत झालेल्या बाँबस्फोटात संघटनेचे तीन अधिकारी ठार झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे जहाजाच्या तळाला लावलेल्या सुरुंगाने ते निकामी झाले. जहाजावर प्रवासी नव्हते. ते अथेन्समध्ये वाट पाहत होते. हे कृत्य इस्रायलच्या गुप्तचर यंत्रणेचे असल्याचे सर्वत्र मानले गेले. प्रवास रद्द झाला. यानंतर समुद्रमार्गे गाझाला पोचण्याचे जे अनेक प्रयत्न झाले त्यांचा मुख्य हेतू नाकेबंदीला आव्हान देणे हा होता. तरी २०१८ मध्ये अशाच एका ताफ्यातील जहाजाला ‘अल-अवदा’ हेच नाव देण्यात आले होते.

त्याच वर्षी जूनमध्ये मुबारक अवाद यांना जेरुसलेममधून हद्दपार करण्यात आले. गांधीजी व मार्टिन ल्यूथर किंग यांच्या विचारांचा अभ्यास केलेल्या अवाद यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात तेथे अहिंसेच्या अभ्यासाचे पॅलेस्टिनी केंद्र सुरू केले होते. कर न भरणे, इस्रायली मालावर बहिष्कार, हिरावलेल्या जमिनीत झाडे लावणे असे उपाय ते सांगत.

ओस्लो करारानंतर

१९९३ च्या ओस्लो कराराने निर्वासितांचा प्रश्न अंतिम टप्प्यातील वाटाघाटींसाठी राखून ठेवला. वाटाघाटीच्या टेबलावर देवघेव होते आणि देण्यासारखी वस्तू म्हणजे आपलाच हक्क ठरेल, ही भीती छावण्यांत पसरली. आजची संघटित चळवळ या भीतीतून जन्माला आली. तिचे मुख्य सूत्र असे की परतीचा हक्क जसा समूहाचा आहे तसाच तो प्रत्येक व्यक्तीचाही आहे. म्हणून कोणताही नेता, संघटना वा भावी राज्य तो इतरांच्या वतीने सोडून देऊ शकत नाही. म्हणजे या चळवळीचा रोख इस्रायलइतकाच स्वतःच्या नेतृत्वाकडेही होता, ही गोष्ट बाहेरच्या वर्णनांत पुष्कळदा निसटते. २०१२ मध्ये पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनी एका इस्रायली वाहिनीला मुलाखत दिली. आपले जन्मगाव सफद पाहण्याचा आपल्याला हक्क आहे, तेथे राहण्याचा नाही, असे ते त्यात म्हणाले. त्यावर उसळलेला रोष याच भीतीचा होता.

या काळात स्थापन झालेल्या संस्थांपैकी लंडनचे पॅलेस्टिनी परती केंद्र (१९९६), बेथलेहेमची ‘बदील’ (१९९८) आणि अमेरिकेतील ‘अल-अवदा’ ही आघाडी (२०००) प्रमुख होत. बदीलने सभा-मोर्चांपेक्षा कायदा आणि संशोधन यांवर भर दिला. इस्रायलमधील अंतर्गत विस्थापितांच्या समितीने १९९८ पासून दरवर्षी एका नष्ट गावाकडे ‘परतीची पदयात्रा’ नेण्यास सुरुवात केली. ती हिब्रू पंचांगाप्रमाणे येणाऱ्या इस्रायलच्या स्वातंत्र्यदिनी निघते. देशाचे नागरिक असूनही कायद्याच्या भाषेत ‘हजर असलेले गैरहजर’ ठरलेल्या या लोकांत आजी-आजोबांपासून लेकुरवाळ्या बायांपर्यंत सारे चालतात. गावाचे नाव लिहिलेला फलक प्रत्येक कुटुंबाच्या हाती असतो.

लंडनमध्ये स्थायिक झालेले अभियंता सलमान अबू सित्ता यांचे काम वेगळ्या प्रकारचे आहे. बीरशेबा परिसरातून दहा वर्षांच्या वयात विस्थापित झालेल्या अबू सित्ता यांनी ब्रिटिशकालीन नकाशे, विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि जमिनीच्या नोंदी एकत्र करून पॅलेस्टाइनचा बृहद् नकाशासंग्रह तयार केला. ओस पडलेल्या गावांच्या बहुतेक जागा आजही विरळ वस्तीच्या आहेत, त्यामुळे परत येणाऱ्यांमुळे कोणाला उठवावे लागणार नाही, असे प्रतिपादन त्यांनी आकडेवारीने केले. त्यांच्या संस्थेतर्फे वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी नष्ट गावांच्या पुनर्रचनेची स्पर्धाही घेतली जाते. ‘परत जाणार’ या घोषणेला ‘कुठे आणि कसे’ असा व्यवहाराचा प्रश्न विचारणारे हे काम आहे.

९ जुलै २००५ रोजी सुमारे १७० पॅलेस्टिनी संस्थांनी इस्रायलवर बहिष्कार, गुंतवणूक काढून घेणे व निर्बंध यांचे आवाहन केले. त्यातील तीन मागण्यांपैकी तिसरी मागणी ठराव १९४ नुसार परतीच्या हक्काची आहे.

इस्रायली समाजातील काम

२००२ मध्ये तेल अवीवमध्ये ‘झोखरोत’ ही संस्था स्थापन झाली. हिब्रूतील या शब्दाचा अर्थ ‘स्मरण करणाऱ्या’ असा स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे. नकबा ही पॅलेस्टिनींची जशी शोकगाथा आहे तशीच ती इस्रायली ज्यूंच्या इतिहासाचाही भाग आहे, असे संस्था मानते. उद्यानात, वनराईत वा शहराच्या उपनगरात लोपलेल्या गावाच्या जागी मूळ रहिवाशांना घेऊन जाणे आणि तेथे हिब्रू व अरबीत गावाच्या नावाची पाटी लावणे, हा तिचा ठरलेला कार्यक्रम. पाटी बहुधा काही दिवसांत काढली जाते. लात्रुनजवळच्या कॅनडा पार्कमध्ये १९६७ मध्ये जमीनदोस्त झालेल्या इम्वास व यालो या गावांचा उल्लेख माहितीफलकांवर करावा, यासाठी संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्यातून फलक लागले; त्यांचीही नंतर नासधूस झाली. २०१४ मध्ये संस्थेने भ्रमणध्वनीवर गावे शोधण्याचे ॲप तयार केले. २०११ च्या एका कायद्यानुसार स्वातंत्र्यदिन शोकदिन म्हणून पाळणाऱ्या अनुदानित संस्थांचा निधी कापण्याचा अधिकार अर्थमंत्र्यांना मिळाला आहे.

जेरुसलेमच्या पश्चिम प्रवेशद्वारापाशी असलेल्या लिफ्ता गावाची कित्येक दगडी घरे अजून उभी आहेत. तेथे आलिशान वसाहत बांधण्याची योजना पुढे आली, तेव्हा मूळ रहिवासी, इस्रायली वास्तुरचनाकार आणि निसर्गप्रेमी यांनी एकत्र विरोध केला. २०१२ मध्ये न्यायालयाने त्या वेळच्या निविदा रद्द केल्या आणि २०१८ साठीच्या जागतिक स्मारक निधीच्या धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत लिफ्ताचा समावेश झाला.

सीमेकडे पदयात्रा

ऑगस्ट २००४ मध्ये महात्मा गांधींचे नातू अरुण गांधी यांनी पॅलेस्टिनी भागाचा दौरा केला. तेथील लोकप्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी एक सूचना मांडली. जॉर्डनमधील पन्नास हजार निर्वासितांनी, स्त्रिया-मुलांसह, निःशस्त्र नदी ओलांडून घराकडे चालत निघावे. गोळीबार झाला तरी थांबू नये; त्यातून जगाचे डोळे उघडतील. मिठाच्या सत्याग्रहाच्या वळणाची ही सूचना तेव्हा कोणी उचलली नाही.

१५ मे २०११ रोजी, अरब देशांतील उठावांच्या वातावरणात, लेबनॉन व सिरियातील हजारो निर्वासित सीमेकडे गेले. इस्रायली गोळीबारात दहाहून अधिक जण मृत्युमुखी पडले. गोलान टेकड्यांवरील कुंपण ओलांडून शंभरेक लोक मजदल शम्स गावात शिरले. त्यांतील एक तरुण बसने व मिळेल त्या वाहनाने थेट याफापर्यंत, म्हणजे आपल्या पूर्वजांच्या शहरापर्यंत गेला आणि नंतर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाला. त्याला परत सिरियाला पाठवण्यात आले.

यापेक्षा कितीतरी मोठा प्रयोग २०१८ मध्ये गाझात झाला. गाझाच्या लोकसंख्येत सुमारे सत्तर टक्के निर्वासित आहेत आणि त्यांतील अनेकांची मूळ गावे कुंपणापलीकडे काही किलोमीटरवर आहेत. जानेवारीत लेखक व पत्रकार अहमद अबू अर्तेमा यांनी समाजमाध्यमावर लिहिले की, कुंपणाजवळ लाखो लोक शांतपणे जमले तर काय होईल? या प्रश्नातून ‘परतीची महायात्रा’ उभी राहिली. ३० मार्चला, म्हणजे १९७६ मध्ये गालिलीतील जमीन संपादनाविरुद्धच्या निदर्शनांत सहा जण मारले गेले त्या ‘भूमिदिनी’, ती सुरू झाली. कुंपणापासून सुमारे सातशे मीटर अंतरावर पाच ठिकाणी तंबू पडले. त्यांना मूळ गावांची नावे दिली गेली. तेथे लग्ने लागली, कवितावाचने झाली, म्हाताऱ्या बायकांनी चुलीवर भाकरी भाजल्या.

पुढे हमाससह सर्व गट आयोजनात आले. काही तरुण कुंपणापर्यंत जाऊन दगड व पेटते गोळे फेकू लागले, पेटते पतंग सीमापार जाऊन शेते जळाली. इस्रायलने या यात्रेला कुंपण फोडण्याचे आवरण म्हटले आणि नेमबाज तैनात केले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाच्या फेब्रुवारी २०१९ मधील अहवालानुसार २०१८ च्या अखेरीपर्यंत निदर्शनस्थळी १८९ पॅलेस्टिनी ठार झाले. त्यांपैकी १८३ जण बंदुकीच्या गोळ्यांनी मारले गेले. त्यांत ३५ मुले, तीन वैद्यकीय कर्मचारी व दोन पत्रकार होते. गोळ्या लागून जखमी झालेल्यांची संख्या सहा हजारांवर गेली आणि अनेकांना पाय गमवावा लागला. अमेरिकेचा दूतावास जेरुसलेमला हलवला गेला त्या एकाच दिवशी, १४ मे रोजी, ६० जण मारले गेले. जुलैमध्ये गाझातून झालेल्या गोळीबारात एक इस्रायली सैनिक ठार झाला. हिंसेच्या काही घटना घडूनही निदर्शने मूलतः नागरी स्वरूपाची होती, असा आयोगाचा निष्कर्ष होता. इस्रायलने तो पक्षपाती म्हणून फेटाळला. ही यात्रा डिसेंबर २०१९ पर्यंत, बहुतेक दर शुक्रवारी, चालू राहिली.

अहिंसक लढ्याची खरी परीक्षा कशी होते, याचे अभ्यासक या यात्रेकडे वारंवार वळतात. अरुण गांधींच्या सूचनेत गृहीत धरलेली किंमत येथे मोजली गेली; जगाचे डोळे उघडण्याचा भाग मात्र काही आठवड्यांच्या बातम्यांपलीकडे गेला नाही.

प्रतीके आणि साहित्य

लोखंडी किल्ली हे चळवळीचे सर्वमान्य चिन्ह आहे. घर सोडताना बरोबर घेतलेली किल्ली अनेक कुटुंबांनी जपून ठेवली. ज्या दाराची ती आहे ते दार बहुधा उरलेले नाही. बेथलेहेममधील आयदा छावणीच्या प्रवेशकमानीवर २००८ मध्ये उभारलेली प्रचंड किल्ली २०१२ मध्ये बर्लिनच्या कलाप्रदर्शनात नेण्यात आली होती. व्यंग्यचित्रकार नाजी अल-अली यांचा पाठमोरा ‘हंदाला’ हा दहा वर्षांचा मुलगा आहे. अल-अली स्वतः त्याच वयात गाव सोडून निघाले आणि हंदाला परत जाईपर्यंत मोठा होणार नाही असे ते सांगत. १९८७ मध्ये लंडनमध्ये त्यांची हत्या झाली. घसान कनफानी यांची हैफाला परतण्याविषयीची लघुकादंबरी (१९६९) २००८ मध्ये तेल अवीवच्या रंगभूमीवर हिब्रूत आली.

आक्षेप व मतभेद

इस्रायलची अधिकृत भूमिका अशी आहे की निर्वासितांचा प्रश्न अरब देशांनी लादलेल्या युद्धातून उद्भवला, आमसभेचे ठराव बंधनकारक नसतात आणि अरब देशांतून सुमारे आठ लाख ज्यूंनाही घरेदारे सोडावी लागली, त्यांना इस्रायलने सामावून घेतले. लाखो पॅलेस्टिनी परतल्यास ज्यू बहुसंख्य असलेले राज्य उरणार नाही, हा सर्वांत मूलभूत आक्षेप होय. कादंबरीकार अमोस ओझ यांच्यासारखे, वेस्ट बँकेतील ताब्याचे कडवे टीकाकारही या मुद्द्यावर सरकारच्याच बाजूला होते. १९४९ मध्ये लोझान येथील वाटाघाटींत इस्रायलने एक लाख निर्वासितांना घेण्याची तयारी दाखवली होती. तो देकार अरब देशांना अपुरा वाटला आणि पुन्हा कधी पुढे आला नाही.

पॅलेस्टिनींच्या समर्थकांतही एकमत नाही. अमेरिकन अभ्यासक नॉर्मन फिंकेलस्टाइन यांनी २०१२ मध्ये, परतीच्या मागणीचा अर्थ इस्रायलचा अंत होतो आणि हे बहिष्कार चळवळ मोकळेपणाने सांगत नाही, अशी टीका केली. याउलट, दक्षिण आफ्रिकेप्रमाणे समान नागरिकत्वाचे एकच राज्य हाच परतीचा खरा अर्थ, असे मानणारा वर्गही चळवळीत आहे. प्रत्यक्ष संधी मिळाल्यास किती जण परत जातील, हा प्रश्न वेगळा आणि हक्क असणे वेगळे, असे बदीलसारख्या संस्था आवर्जून सांगतात.

भारताचा संबंध

२६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये महात्मा गांधींनी पॅलेस्टाइन अरबांचे असल्याचे मत मांडले, त्याच लेखात, अरबांनीही प्रतिकारासाठी अहिंसेचा मार्ग निवडायला हवा होता, असे ते म्हणाले. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टाइनविषयक समितीत भारताने इराण व युगोस्लाव्हियासह संघराज्याचा पर्याय सुचवला आणि फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिले. १८ नोव्हेंबर १९८८ रोजी भारताने पॅलेस्टाइन राष्ट्राला मान्यता दिली. उन्रवाला भारत देत असलेले वार्षिक साहाय्य २०१८ मध्ये साडेबारा लाखांवरून ५० लाख अमेरिकन डॉलर करण्यात आले. जॉर्डन नदी ओलांडण्याची सूचना करणारे अरुण गांधी यांचे २ मे २०२३ रोजी कोल्हापूर येथे निधन झाले.